डायव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका : नेत्राणीला जाणाऱ्या बेळगावकरांच्या नेहमीच्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून स्कुबा डायव्हिंगसाठी समुद्राकडे जाणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. मालवण-तारकर्ली आणि गोवा पाहून झालेले असते, म्हणून अलीकडे मुरुडेश्वरहून बोटीने दीडेक तासावर असलेल्या नेत्राणी बेटाकडे ओढा अधिक दिसतो; ज्यांना तेही पुरत नाही ते अंदमानात स्वराजद्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, गाठतात. मी दर मोसमात अशा मंडळींबरोबर जातो आणि दर मोसमात त्याच चुका पाहतो. त्यांतील निम्म्याअधिक चुका पाण्यात होतच नाहीत. त्या घरी बसून बेत आखतानाच झालेल्या असतात. शनिवारी रात्री जेवून निघायचे, रविवारी सकाळी बोट पकडायची, दुपारी मासे खायचे आणि रात्री घरी येऊन सोमवारी कामावर हजर व्हायचे, असा तो बेत असतो.

या बेतातील सर्वांत घातक भाग परतीचा आहे. पाण्याखाली आपण दाबाखालील हवा श्वासावाटे घेतो, तेव्हा तिच्यातील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे सावकाश बाहेर पडतो आणि त्याला काही तास लागतात. तो निघून जाण्याआधीच बाहेरचा दाब आणखी उतरला, तर शरीरात त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे ठणकण्यापासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. डायव्ह केल्यानंतर लगेच विमानात बसू नये, हे त्यामुळेच सांगितले जाते. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजेच डॅन, या संस्थेच्या सूचनेनुसार एकच साधा डायव्ह केला असेल तर किमान १२ तास, आणि एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबावे.

विमानाची ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. घाटाची मात्र नसते. वरील सूचना २,००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटर उंचीपासून पुढे लागू धरल्या जातात, आणि बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने विमानतळावर जी काळजी घ्यायची, ती आपण गाडीची किल्ली फिरवण्याआधीच घ्यायला हवी. चोर्ल्याने या, अनमोडने या, आंबोलीने या किंवा अंकोल्याहून अरबैल घाटाने या, किनाऱ्यावरून घरी पोहोचायचे तर चढाला पर्याय नाही.

आमच्याच ओळखीतील एका चमूने नेत्राणीला सकाळी दोन डायव्ह केले, दुपारी किनाऱ्यावर येऊन जेवण केले आणि दुसऱ्या दिवशी शहापुरात घरचा साखरपुडा असल्यामुळे तिसऱ्या प्रहरीच गाडी काढली. डायव्ह झाल्यावर रात्रभर थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, असे मी आधीच त्यांना सांगितले होते. त्यावर, आम्ही विमानाने थोडेच जाणार आहोत, असे उत्तर मिळाले. अरबैल घाट चढून यल्लापूर मागे पडले तेव्हा त्यांच्यातील सर्वांत तरुण मुलाचा डावा खांदा खोलवर ठणकू लागला. सिलिंडर उचलल्यामुळे स्नायू आखडला असेल, असे समजून मागच्या सीटवर बसलेल्या मित्राने त्याला बाम चोळून दिला. दुखणे असे होते की हात कसाही धरला तरी ते ना कमी होई ना वाढे. धारवाडपर्यंत त्याच हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बेळगावात दवाखान्यात नेल्यावर खांद्याचा एक्स-रे निघाला, वेदनाशामक इंजेक्शन मिळाले आणि घरी पाठवण्यात आले, कारण सकाळी पाण्याखाली गेलो होतो, हे डॉक्टरांना कोणी सांगितलेच नाही. रात्री उशिरा मला फोन आला. मी त्यांना पुन्हा दवाखान्यात पाठवले, डायव्हची वेळ आणि खोली कागदावर लिहून न्यायला लावली आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू करण्याची विनंती करायला सांगितले. बुडबुड्यांच्या या आजाराचा खरा उपचार रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे रुग्णावर पुन्हा दाब वाढवून तो सावकाश उतरवणाऱ्या बंद कक्षात, होतो आणि ती सोय गावोगावी नसते. त्या मुलालाही दूरच्या शहरात न्यावे लागले. तो बरा झाला. साखरपुडा मात्र त्याच्याशिवाय पार पडला.

पहिल्यांदाच प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात वीस मिनिटे जाणाऱ्याच्या बाबतीत हा धोका बराच कमी असतो, हे मान्य आहे. तरीही रात्र किनाऱ्यावर काढण्यात कोणाचे काय जाते, हे मला कळलेले नाही. मी स्वतः डायव्ह नेहमी पहिल्या दिवशी उरकतो, मुक्काम मुरुडेश्वरलाच करतो, आणि दुसऱ्या दिवशी इडगुंजीच्या गणपतीचे दर्शन घेऊन सावकाश घाटाकडे वळतो. ज्याला एवढी सवड नाही, त्याने त्या आठवड्यात नुसती मासळी खाऊन यावे.

रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट बोटीवर चढणे, हाही याच घाईचा प्रकार आहे. झोप नाही, पाणी प्यायलेले नाही, सोबत आदल्या रात्रीच्या बिअरचा अंमल, आणि वर धक्क्यावर उभ्या-उभ्या खाल्लेले तेलकट डोसे, अशा स्थितीत बोट लागणारच. उलटी थांबवण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून डायव्ह करणार आहोत हे सांगून डॉक्टरांनाच विचारावे आणि एकदा घरी घेऊन पाहावी. मी थोडे उप्पीट खातो आणि बोटीवर मागच्या बाजूला, क्षितिजाकडे तोंड करून बसतो.

दुसरी चूक कानांची. घाट उतरताना कानांना दडे बसतात, हे आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत असते. परंतु बेळगावहून समुद्रापर्यंत उतरताना हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पाण्यात पहिल्या मीटरभरातच पडतो, आणि १० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट झालेला असतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे सारण्याचे काम डोके पाण्याखाली जाताच सुरू करायचे असते, कान दुखायला लागल्यावर नव्हे. कान उघडत नसेल तर मीटरभर वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही उघडला नाही तर त्या दिवसापुरता विषय संपवावा. सर्दी असताना हे जमत नाही. निपाणीच्या एका गृहस्थांनी पैसे भरले आहेत, या एकाच कारणावर नाकात थेंब टाकून पाण्यात उडी घेतली. खाली जाताना त्यांना काहीच जाणवले नाही. खालीच औषधाचा अंमल उतरला आणि वर येताना कोंडलेल्या हवेने कपाळात कळ मारली. बोटीच्या शिडीपाशी आले तेव्हा त्यांच्या मास्कच्या काचेत तळाशी बोटभर लालसर पाणी साचलेले होते. रक्त नाकातून आले होते आणि ते लवकर थांबले, पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांना डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हते. आरोग्याच्या अर्जावर सर्दीच्या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ असे लिहिले होते. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया या प्रश्नांपुढेही लोक न वाचताच ‘नाही’ लिहीत सुटतात. अर्ज केंद्राच्या फायलीत जातो आणि दमा आपल्याबरोबर पाण्यात येतो.

श्वास कधीही रोखू नये. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास छातीतील हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. हा एकच नियम लक्षात राहिला तरी पुष्कळ झाले.

सगळे ठीक आहे, हे सांगण्यासाठी आंगठा दाखवू नये. पाण्याखाली आंगठा म्हणजे ‘वर चला’. ठीक असल्याची खूण आंगठा आणि तर्जनी जुळवून करतात. आंगठे दाखवणाऱ्या उत्साही मंडळींना प्रशिक्षक पाचव्या मिनिटाला वर घेऊन आले आणि मग पैसे फुकट गेल्याची तक्रार झाली, असे दृश्य मी पुन्हापुन्हा पाहिलेले आहे.

फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घालायचे रबरी पंख, घालून बोटीच्या डेकवर चालू नये. प्रवाळाला हात लावू नये आणि त्याचा तुकडा तर मुळीच आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पहिल्याच डायव्हला हातात कॅमेरा घेऊ नये. व्हिडिओसाठी डायव्ह करणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण सिलिंडरमध्ये किती हवा उरली हे दाखवणाऱ्या काट्याकडे त्यांचे लक्ष नसते आणि त्याची किंमत सोबत्याला मोजावी लागते.

राहिली बोट. दहा-बारा जण मिळून पूर्ण बोट घेतली, की आपण तिचे मालक झालो असे लोकांना वाटू लागते. मग साडेसातची बोट साडेनऊला सुटते, तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुख खलाशाशी, हुज्जत होते, आणि दुपारचा वारा उठल्यावर समुद्र खवळला की पुन्हा त्यालाच दोष दिला जातो. नांगर कोठे टाकायचा आणि परत केव्हा फिरायचे, हे तांडेल ठरवतो. भाडे कोणी भरले याचा त्याच्याशी संबंध नाही. आपण विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : एका प्रशिक्षकाच्या वाट्याला किती नवखे येणार, सगळे पाण्यात असताना बोटीवर कोण थांबणार, वायरलेस चालू आहे का, आणि परत निघण्याआधी नावे मोजली जातात का. ऑक्सिजन आहे, या तोंडी उत्तरावर मी थांबत नाही. पेटी उघडायला लावतो, मास्क जागेवर आहे का पाहतो, आणि नळकांड्यावरील काटा भरलेला दिसला, तरच उरलेले पैसे देतो.