पाळणाघराची फी कशी बसवली

शेजारच्या पाळणाघरात साडेचार हजार, म्हणून आपणही तेवढेच, इथेच हिशेब फसतो. आधी वहीत खर्च मांडला. मदतनीस ताईंचा पगार 9,000, जादा वीज-गॅस 1,500, फिनेल, साबण, चादरी धुणं 900, खेळणी-चटयांची झीज 600. झाले 12,000. स्वतःचा पगार 18,000 धरायचाच. बायका नेमका तोच सोडून देतात. एकूण 30,000.

भागायचं कितीने? जागा आठ मुलांची असली तरी वर्षभर सरासरी सहाच असतात. आठने भागलं तर 3,750 येतात आणि दोन जागा रिकाम्या राहिल्या की दरमहा 7,500 ची खोट. सहाने भागून 5,000. खाऊ-दूध रोज 40 रुपये, 24 दिवसांचे 960. म्हणून फी 6,000.

दीड वर्षाखालचं बाळ मात्र दीड मूल धरायचं. लंगोट, बाटल्या उकळणं, मांडीवर झोपवणं यात एक माणूस पूर्ण अडकतो. सहात एक तान्हं असेल तर भाजक साडेसहा: मोठ्यांचा वाटा 4,615, बाळाचा 6,923. बाळाचं दूध घरून येतं, म्हणून खाऊ-दुधाचे 960 फक्त मोठ्यांच्या वाट्यात मिळवायचे.

फी महिन्याची, हजेरीवर नाही. मूल आठवडाभर आजारी असलं तरी ताईंचा पगार कमी होत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच शांतपणे सांगावं. मे महिन्यात गावी गेल्यास जागा राखायला अर्धी फी. संध्याकाळी साडेसहानंतर मूल न्यायला उशीर झाल्यास दहा मिनिटं सवलत, पुढे दर पंधरा मिनिटांना 50 रुपये. हे सगळं एका कागदावर, पालकांच्या सहीसकट. वाढ एप्रिलपासून, तिची चिठ्ठी फेब्रुवारीअखेर डब्याच्या पिशवीत.