वाफसा नसेल तर चावी खिशात ठेवा : खरिपात ट्रॅक्टरवर जाणाऱ्यांसाठी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, ठरतात, त्याच सुमारास ट्रॅक्टरवाल्यांची ड्रायव्हरसाठी शोधाशोध सुरू होते. घरची दोन-तीन एकर कोरडवाहू सांभाळून मृगापासून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसणारी पोरं आता चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा भागात गावोगाव दिसतात. काम चांगलं आहे, रोख पैसा आहे, जरूर करा. पण दर खरिपात ज्या फसलेल्या पेरण्या पाहतो, त्यातल्या बऱ्याच एकाच कारणानं गेलेल्या असतात. वाफसा, म्हणजे चिखल सुकून मशागतीला जोगी ओल, यायच्या आत ट्रॅक्टर वावरात घातलेला असतो.

तापीकाठची काळी जमीन फसवते. पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडलं की वरचा थर पांढरट होतो, मालकाला वाटतं झालं तयार. वीतभर खाली गारा असतो. त्यावर दोन टनांचा ट्रॅक्टर आणि मागे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर! पाती ओल्या मातीला कापत नाहीत, लिंपत जातात. आठवडाभर उघडीप मिळाली की तोच लिंपलेला थर दगडासारखा होतो. कपाशीचं सोटमूळ त्याला टेकून आडवं वळतं, पुढच्या पावसाचं पाणी वरच साचतं, झाड पिवळं पडतं. पेरणीयंत्राचे फण चिखलानं बुजले तर काही बी उघड्यावर, काही ढेकळाखाली. मग उगवण विरळ होते आणि बियाणं कंपनीच्या नावानं बोंब.

त्यानंतर दुकानदार ह्युमिक ॲसिडची कॅन देतो, वर ‘जमीन भुसभुशीत करणारं’ काहीतरी पावडरचं पाकीट. चाकानं दाबलेली माती बाटलीनं सुटत नाही, तो पैसा डिझेलला ठेवा. उपाय स्वस्त आणि सावकाश आहेत : उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना खालचा घट्ट थर फोडणारा सबसॉयलर, ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत पेरून फुलोऱ्याच्या आत गाडणं आणि रोटाव्हेटरची दुसरी पाळी बंद करणं. मालक म्हणेल, ‘माती पिठासारखी कर.’ करू नका. पिठावर जोराचा पाऊस पडला की पापडी धरते आणि सोयाबीनचा कोंब खालीच मोडतो.

वाफसा असा पाहा. बांधाजवळची नको, वावराच्या मधली, त्यातही सखल जागा घ्या. चार बोटं नाही, वीतभर खोल उकरा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर चला. चपटा होऊन तसाच राहिला, किंवा तळहातांमध्ये वळून त्याची वात झाली, तर चावी खिशात ठेवा आणि घरी जा. सुरू केलंच असेल तर पहिल्या तासानंतर उतरून मागे पाहा : फणानं कापलेली कड चकचकीत दिसली, टायरच्या दात्यांमध्ये माती भरून राहिली, तर तिथंच थांबायचं. माझा अंदाज, त्याला शास्त्राचा आधार मागू नका : भारी काळीत दमदार पावसानंतर कडक ऊन असेल तर चार दिवस, आभाळ असेल तर आठवडा. चपलेला माती चिकटून पाय जड झाला तर गोळा करून पाहायचीही गरज नाही.

ड्रायव्हर थांबत नाही, कारण मजुरी एकरावर असते. म्हणून बोलणी करतानाच रोजावर किंवा महिन्यावर ठरवा, आणि वाफशासाठी थांबलेल्या दिवसाचे पैसे किती, तेही चार माणसांदेखत ठरवा. ट्रॅक्टरचा हप्ता मालकाचा आहे, त्याची घाई तुमच्या अंगावर घेऊ नका.

पेरणीचे ठरलेले आकडे :
- पेरणी 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्यावरच, पहिल्या सरीवर नाही
- कपाशी जूनआधी नको, गुलाबी बोंडअळीला आयतं खाद्य मिळतं
- सोयाबीन एकरी 30 किलो, खोली 3 ते 5 सें.मी.
- मका एकरी 6 ते 8 किलो, खोली 4 ते 5 सें.मी.
- मूग, उडीद एकरी 6 ते 8 किलो
- बीजप्रक्रिया : ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी बुरशी) 5 ग्रॅम प्रतिकिलो, कडधान्य व सोयाबीनला शेवटी रायझोबियम (नत्र देणारं जिवाणू खत)

ट्रॅक्टरवर बसण्याआधी :
- वय 18 पूर्ण, हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स
- विम्यात पगारी चालकाचं संरक्षण आहे का, हे कागदावर पाहणं
- रोज सकाळी ऑइल, पाणी, एअर क्लीनर
- रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडलेले, वावरात सुटे
- मडगार्डवर कोणालाही बसवायचं नाही, मालकाच्या पोरालाही
- चालू पीटीओ शाफ्टजवळ (ट्रॅक्टरमागचा, अवजार फिरवणारा दांडा) उपरणं, सैल बाही नको. यंत्रात अडकलेलं काढायचं तर आधी इंजिन बंद

ऑइलमध्ये टाकायची महागडी ‘ताकदीची’ बाटली कोणी दिली तर परत करा. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललं की पुरतं.

आता यादीचा प्रश्न. दहा शेतकऱ्यांनी नंबर लावलेला असतो आणि मालक आधी आलेल्याला आधी घेतो, नाहीतर पाहुण्याला. नंबर जमिनीवर लावा. मुरमाड, बरड वावरं आधी वाफशावर येतात, ती पहिली. मध्यम त्यानंतर. नदीकाठची खोल काळी सगळ्यात शेवटी, तिला थांबायला परवडतं. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीला, सप्टेंबरअखेर, गणित वेगळं होतं. तेव्हा वरचा पाऊस नसतो, साठलेल्या ओलीवरच ज्वारी उगवायची असते, आणि हलक्या-मध्यम वावरातली ओल दोन दिवसांत उडते. त्या दिवसांत मात्र रात्रीही दिवे लावून पेरा, आणि ज्याचा नंबर चौथ्या दिवसावर जातोय त्याला आजच फोन करून सांगा, म्हणजे तो दुसरा ट्रॅक्टर बघेल.