कॉन्टेसाची उंची सेट करायचीय? ग्राइंडर जरा बाजूला ठेवा

आपल्याकडची मसल कार म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसाच, १९८४ ते २००२ निघाली, मूळ डिझाइन व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीचं. पुढं चाक धरणारे वरखाली दोन आर्म आणि कॉईल स्प्रिंग, मागं अख्खा एक्सल पण त्यालाबी कॉईलच, अँबेसेडरसारखे पाटे नाहीत. कोल्हापुरात गाडी बसलीय (स्प्रिंग दबून खाली आलीय) म्हणा नाहीतर खाली करायचीय म्हणा, कुणीतरी ‘ग्राइंडरनं स्प्रिंगचा एक वेढा उडवूया की’ म्हणतंयच. थांबा भावांनो, आधी टेप काढा.

सपाट फरशी, चारी टायरात बरोबर हवा, डिकी रिकामी पण स्टेपनी जागेवर, आणि मोजायचं चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून नको, टायर बदलला की आकडा बदलतोय. जॅकवरनं उतरवल्या उतरवल्या तर मोजूच नका, टायर फरशीला धरून चाकं अडकलेली असतात, गाडी थोडी पुढंमागं ढकला, बॉनेट दाबून सोडा, मग मोजा.

एक कोपरा खाली दिसला म्हणजे त्याच कोपऱ्यातली स्प्रिंग गेली असं नसतंय. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, मागच्या एक्सलच्या बरोबर मधे, डिफरेन्शियलखाली जॅक लावून मागची चाकं जमिनीवरनं जराशी उचला आणि पुढचं डावं-उजवं परत मोजा. आता पुढं सारखं आलं तर दुखणं मागं आहे, तरीबी तिरकं राहिलं तर पुढं. या वेळी गाडीखाली शिरायचं नाही, नुसतं मोजायचं.

मग बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) बघा, स्प्रिंगच्या वरखालचं रबर बघा. जुन्या गाडीत हे चेपून पापड झालेलं असतंय आणि शिव्या स्प्रिंगला पडतात. नवीन बुश टाकले की आर्मचे नट फायनल टाइट करायचे ते गाडी चारी चाकांवर उभी असताना, चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतंय, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतंय.

उचलायची असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर नायलॉनचं पॅकिंग काढून मिळतंय, पण पुढं स्प्रिंग आर्मच्या आतल्या बाजूला बसते, त्यामुळं ५ मिमी पॅकिंगला चाकाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतोय. कापण्यालाबी हाच हिशोब, म्हणून एका वेळी अर्ध्या वेढ्यापेक्षा जास्त कधीच नको, दोन्ही बाजूला सारखंच. पातळ कटिंग व्हीलनं, थांबत थांबत, गार ठेवून कापा. गॅस कटर लावला की पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतंय आणि ती स्प्रिंग पुढं बसतच जाते. टोक आत वळवून लहान केलेलं असेल तर त्या बाजूनं कापूच नका. आणि वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे कापल्यावर नाही, आधी लक्षात घ्या.

पुढची स्प्रिंग काढताना मात्र हयगय नको. गाडी चेसिसखाली स्टँडवर, स्प्रिंगला कंप्रेसर, खालच्या आर्मखाली जॅक, आणि हळूहळू उतरवायची. दाबातली स्प्रिंग सुटली तर हात घेऊन जाईल.

माझं मत विचाराल तर आपल्या स्पीडब्रेकरांना कंपनीचीच उंची भारी, मागं दहा-पंधरा मिमी जास्त ठेवा आणि चांगले शॉकअप टाका, तेवढ्यावर बी नादखुळा दिसते. खाली केलीच तर मागं तिघं बसवून बंप स्टॉपपर्यंत (एक्सल वर आपटू नये म्हणून असतो तो रबरी ठोकळा) किती जागा उरतीय ते बघा, बोटभरबी नसेल तर परत वर घ्या. वर केली असेल तर एक्सल लोंबकळत ठेवून मागचा ब्रेकचा होज (रबरी पाइप) ताणला जात नाही ना ते बघा.

टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) लगेच करून घ्या, कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा बाजूला आणि स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढंमागं कल) दोन-तीनशे किलोमीटर चालवून, परत मोजून मग. आणि हेडलाइटबी सेट करा, मागं वर गेली की उजेड नाकासमोर पडतोय, पन्हाळ्याच्या घाटात रात्री काय दिसत नाही.