चोथ्यातून ग्रीन एक्स्ट्रॅक्शन करताय? मग या चुका टाळा

द्राक्षाचा चोथा, संत्र्याची साल, टोमॅटोच्या साली-बिया, यात पॉलिफेनॉल (वनस्पतीतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) आणि कॅरोटिनॉइड (पिवळी-लाल रंगद्रव्यं) भरपूर उरलेले असतात आणि ते हेक्झेनसारखं घातक सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवून काढणारं द्रव, न वापरताही काढता येतात; यालाच ग्रीन एक्स्ट्रॅक्शन म्हणतात. पण अर्क फिका आला की सगळे आधी मशीनकडे बघतात, आणि खरा घोळ बहुतेक वेळा मशीन चालू करायच्या आधीच झालेला असतो.

ओला चोथा ढीग करून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. पेशी फुटलेल्या असतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनसोबत लगेच कामाला लागतं, शिवाय साखर असल्यामुळे ढीग आतून आंबायला आणि गरम व्हायला लागतो, मग तुम्ही कितीही भारी पद्धत वापरा, जे गेलं ते गेलं. त्याच दिवशी पातळ पसरून ४०-५० अंशावर वाळवा, नाहीतर सरळ फ्रीझ करा. कडक उन्हात वाळवू नका, कॅरोटिनॉइड उजेडाने उडतात. आणि दळताना अगदी पीठ करायचं नाही, फिल्टर चोक होतो.

सॉल्व्हंटचं म्हणाल तर शुद्ध इथेनॉल म्हणजे जास्त अर्क असं अजिबात नाही. पॉलिफेनॉलसाठी साधारण ५० ते ७० टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी हे बहुतेक वेळा सरस ठरतं कारण पाण्याने पेशीभित्ती फुगते आणि सॉल्व्हंट आत शिरतं. टोमॅटोतल्या लायकोपीनचं, म्हणजे त्याच्या लाल कॅरोटिनॉइडचं, बरोबर उलटं, ते पाणी बघून पळतं. तिथे सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड चालतो (३१ अंश आणि साधारण ७४ बार दाबाच्या वर तो वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो), पण तोच घेऊन नुसता पॉलिफेनॉल काढायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही, थोडं इथेनॉल सोबत द्यावंच लागतं.

अल्ट्रासाउंड प्रोब (ध्वनिलहरींनी पेशी फोडणारी दांडी) वापरणाऱ्यांनी बीकरमध्ये थर्मामीटर ठेवाच. बर्फ न लावता सलग चालवलं की काही मिनिटांत तापमान चढतं, द्राक्षाचा लालभडक अर्क विटकरी दिसायला लागतो, ते अँथोसायनिन, म्हणजे द्राक्षाचं लाल रंगद्रव्य, मरतंय. पल्स मोडवर, म्हणजे थांबून थांबून, चालवा, खाली बर्फ ठेवा, पीएच ३ च्या आसपास राहू द्या. फेस येत असेल तर प्रोबचं टोक फार वर आहे, थोडं खाली घ्या. टोकाला खड्डे पडले असतील तर टायटॅनियमचे कण अर्कात उतरतात, हे खाण्यात जाणार आहे म्हणून टोक वेळेवर बदला. आणि घरगुती मायक्रोवेव्हमध्ये इथेनॉल कधीच तापवू नका, सरळ आग लागू शकते.

आता रीडिंग. फोलिन टेस्टचा (रंगावरून एकूण पॉलिफेनॉल मोजायची चाचणी) आकडा मोठा आला म्हणून पॉलिफेनॉल जास्त असं समजू नका, व्हिटॅमिन सी आणि काही साखरासुद्धा त्यात रंग देतात, संत्र्याच्या सालीत तर हमखास फसगत होते. एचपीएलसी (प्रत्येक घटक वेगळा करून मोजणारी चाचणी) करा, नाहीतर निदान व्हिटॅमिन सी वेगळं मोजून वजा करा.

'पाणी वापरलं म्हणजे ग्रीन' हेही मला पटत नाही. एक किलो पाणी उडवायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात, इथेनॉलला साधारण ८५०, आणि इथेनॉल परत गोळा करून वापरता येतं. म्हणजे चोथ्याच्या ५० पट पाणी ओतून उतारा थोडा वाढवलात तर ते सगळं पाणी उडवताना जी वीज जाते ती कुणी मोजायची? एक भाग चोथ्याला दहा भाग सॉल्व्हंट, म्हणजे १:१० पासून सुरू करा आणि खरंच गरज असेल तेवढंच वाढवा. २०१२ साली शेमा, विआन आणि क्रावोत्तो यांनी ग्रीन एक्स्ट्रॅक्शनची सहा तत्त्वं मांडली, त्यातही ऊर्जा वाचवणं आणि अर्क दूषित नसणं हे दोन्ही येतंच.

त्यातलं दूषित नसणं सगळ्यात जास्त विसरलं जातं. फवारलेलं कीटकनाशक बहुतांशी सालीतच राहतं आणि अर्क घट्ट करताना तेही पॉलिफेनॉलसोबत घट्ट होऊ शकतं. आरोग्यासाठी म्हणून विकणार असाल तर रेसिड्यू टेस्ट (उरलेलं कीटकनाशक मोजायची चाचणी) कच्च्या सालीची वेगळी आणि तयार अर्काची वेगळी करा, आणि ती पहिल्याच बॅचला करा.