साताऱ्यात बसून हिमवादळाचा अंदाज शिकताना

आकाशातून बर्फ पडताना मी अजून पाहिलेला नाही. थंडीतल्या एका पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दहिवर पाहिलं, तेवढीच माझी बर्फाशी ओळख. तरी गेले पाच हिवाळे मी साताऱ्यातल्या घरी बसून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर किती बर्फ पडेल याचे अंदाज लिहिते. बी.एस्सी.ला फिजिक्स, मग पुण्याला वातावरणशास्त्रात एम.एस्सी., आणि आता परदेशातल्या ग्राहकांना अंदाज पुरवणारी नोकरी. इकडे वळू पाहणारी मुलं विचारतात, सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिच्या एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला पाऊस पडतो ती, शोधायला शिका, इंच आणि फूट मागाहून येतात.

तिथली हिमवादळं बनतात अशी: गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाचं उबदार पाणी एका बाजूला, कॅनडातून उतरलेली गार हवा दुसऱ्या बाजूला. या दोन्हींच्या सीमेवर कमी दाबाचं क्षेत्र झपाट्याने खोल होतं आणि किनाऱ्याच्या कडेकडेने ईशान्येला सरकतं. किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो, म्हणून या वादळाचं नाव ‘नॉरईस्टर’. तिथले अंदाजकार ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम हा बिंदू नजरेसमोर ठेवतात. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर न्यूयॉर्क-बोस्टनला भरपूर बर्फाची शक्यता. किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्रावरची ऊब आत शिरते आणि पाऊस पडतो. फार लांबून गेलं तर थोडक्यावर निभावतं.

सातारकराला हे उमजायला वेळ लागू नये. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की छत्री मिटावी लागते. माण तालुक्यात तर जेमतेम ५०० मिलिमीटर. थोड्या अंतरात सगळं पालटतं हे आपण लहानपणापासून बघतो. फरक एवढाच की आपली रेषा डोंगराने आखून दिलीय, तिथली रेषा तासातासाला हलते.

माझी मोठी चूक दुसऱ्या हिवाळ्यातली. संगणकाचं हवामान मॉडेल २५ मिलिमीटर पाणी दाखवत होतं. पाण्याच्या दहापट बर्फ, हा ढोबळ हिशेब लावून मी २५ सेंटिमीटर लिहून टाकलं. जमिनीवर तापमान उणे १, ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरही, शून्याच्या खाली, म्हणून मी निश्चिंत होते. त्याच्या जरा वर, साधारण दोन किलोमीटर उंचीवर, अधिक २ अंशांचा एक पातळ थर होता. हिमकण त्यात वितळले, खालच्या गार हवेत पुन्हा गोठले आणि बर्फाचे बारीक खडे होऊन पडले. जमिनीवर साचलं ५ सेंटिमीटर. ग्राहकाने रात्रभर माणसं आणि बर्फ हटवायच्या गाड्या तयार ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी हवामान फुग्याने वर जाताना नोंदलेल्या तापमानाचा आलेख माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “अगं, एकूण किती बर्फ पडेल तो नकाशा सगळ्यात शेवटी उघडायचा.” ते मी आजही पाळते.

त्या आलेखात तापमानाच्या जोडीने हवा किती कोरडी आहे तेही बघा. माठातलं पाणी का गार होतं? पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेतून बर्फ किंवा पाऊस पडू लागला की तेच होतं. जमिनीवर ३-४ अंश असताना पावसाने सुरुवात होते आणि तासाभरात हवा निवून बर्फ पडू लागतो. त्यामुळे नुसतं तापमान बघून पाऊस लिहू नका, ओल्या थर्मामीटरचं तापमान काढा, म्हणजे पाण्याची वाफ होताना हवा जिथवर निवू शकते ते.

दहापटीचा हिशेबही सैल हाताने वापरा. किनाऱ्यावरचा ओला बर्फ सहा-सातपटच भरतो, आतल्या भागातला कोरडा, भुसभुशीत बर्फ पंधरापटीच्याही पुढे जातो. ढगात उणे १२ ते उणे १८ अंशांच्या थरात हवा जोरात वर चढत असेल तर चांदणीसारखे फांद्याफांद्यांचे हिमकण बनतात आणि बर्फ भराभर साचतो.

जानेवारी २०१५चं वादळ जरूर अभ्यासा. न्यूयॉर्कला दोन फुटांच्या आसपास बर्फाचा अंदाज होता, सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच पडला. बोस्टनला मात्र २४.६ इंच. वादळ ठरल्याप्रमाणे आलं, फक्त त्याची पश्चिमेकडची कड थोडी पूर्वेला सरकली, आणि तेवढ्याने एक महानगर बाहेर राहिलं. म्हणून एक आकडा देऊ नका. वेगवेगळ्या मॉडेलांचे आणि एन्सेम्बलचे (एकच मॉडेल किंचित वेगळ्या सुरुवातीने पुन्हा पुन्हा चालवून मिळालेले) पन्नासेक अंदाज शेजारी मांडा आणि कमीत कमी, जास्तीत जास्त असं दोन्ही लिहा. ग्राहक “नक्की सांगा” म्हणून मागे लागतो, तरीही.

कामाच्या वेळा आपल्याला सोयीच्या आहेत. फुग्यांची निरीक्षणं आपल्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचची असतात. पायथन ही संगणकाची भाषा शिकून घ्या, नकाशे स्वतः काढता यायला हवेत. पहिल्या हिवाळ्यात दोनच ठिकाणं घ्या: न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरचं अप्टन आणि आत, समुद्रापासून दूर असलेलं ऑल्बनी. वादळाच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे आलेख शेजारी ठेवा, आपला अंदाज वहीत तारखेसकट लिहा आणि वादळ सरल्यावर खाली खरा आकडा लिहा. डिसेंबरात समुद्र अजून उबदार असतो, त्यामुळे अप्टनला पाऊस आणि ऑल्बनीला बर्फ असं बऱ्याचदा दिसेल. फेब्रुवारीत पाणी निवतं, तेव्हा त्याच वाटेने आलेलं वादळ अप्टनलाही बर्फ देऊन जातं.