चॉकलेट व्हीगन आहे की नाही, हे कसं ओळखावं

व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही खायचं नाही, असं ठरवून दूध सोडलं की चहाच्या पाठोपाठ चॉकलेटचा प्रश्न येतो. बरेच जण चॉकलेट सरसकट वर्ज्य धरतात. काही जण उलट करतात, पाकिटावर ‘डार्क’ दिसलं की निर्धास्त होतात. दोन्ही टोकं टाळता येतात. पाकीट उलटून मागची बाजू नीट वाचायची सवय तेवढी लावून घ्यावी लागते.

आधी कोकोबद्दल मनातली शंका काढून टाकू. कोकोचं फळ झाडाच्या खोडालाच लागतं. आतल्या बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात आणि दळतात. या लगद्यावर दाब दिला की चरबी वेगळी निघते, तिला कोको बटर म्हणतात. उरलेल्या पेंडीची कोको पावडर होते. नावात बटर असलं तरी त्यात दुधाचा थेंब नसतो. कोकणात पायाच्या भेगांना लावतात ते कोकमतेल जसं बियांमधून निघून थंडीत घट्ट होतं, तसंच हे. वडीच्या रूपातलं खायचं चॉकलेट १८४७ साली इंग्लंडमध्ये आलं, तेव्हा त्यात दूध नव्हतं. दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडच्या व्हेवे गावात डॅनिएल पीटर यांनी १८७५ साली बनवलं. म्हणजे दूध चॉकलेटमध्ये नंतर आलं, आणि आपल्याला शोधायचंय तेही तेवढंच.

१. हिरव्या ठिपक्यावर थांबू नका

सर्वांत जास्त गफलत इथे होते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) व्याख्येत दुधाबरोबरच मध, मेण आणि शेलॅक (लाख) हेही मांसाहारातून वगळलेले आहेत. त्यामुळे या चारांपैकी काहीही असलं तरी ठिपका हिरवाच राहतो. त्याचा एक फायदा मात्र होतो. अंडं, जिलेटिन किंवा प्राण्यांची चरबी नाही, हे त्यावरून कळतं आणि आपलं निम्मं काम हलकं होतं.

भारतात २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले आणि पान असलेलं हिरव्या ‘व्ही’चं स्वतंत्र चिन्हही आलं. ते दिसलं तर उत्तमच. पण ते नाही म्हणून चॉकलेट व्हीगन नाही, असं समजू नका. त्यासाठी कंपनीला वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि ती सगळे घेत नाहीत.

२. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा

यादीत सर्वांत जास्त वजनाचा घटक आधी लिहितात. दूध कमी असेल तर ते शेवटी-शेवटी येतं आणि नजरेतून निसटतं. मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे पावडर, लॅक्टोज, केसीन ही सगळी दुधाचीच रूपं. यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ते चॉकलेट व्हीगन नाही. यादीखाली ‘कंटेन्स मिल्क’ असं वेगळं लिहिणं बंधनकारक आहे. घाईत असाल तर आधी तीच ओळ बघा.

टक्केवारीने फसू नका. ७० टक्के म्हणजे कोकोचा भाग ७० टक्के. उरलेल्या ३० मध्ये बहुतेक साखर असते, पण तिच्यासोबत थोडं मिल्क फॅटही असू शकतं. डार्क चॉकलेट मऊ लागावं म्हणून काही उत्पादक ते घालतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तर कोको बटर, साखर आणि दूध एवढंच असतं, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

यादीतल्या मिसळद्रव्यांच्या आकड्यांचं म्हणाल तर ३२२ म्हणजे लेसिथिन, मिश्रण एकजीव ठेवणारा पदार्थ. चॉकलेटमध्ये ते सहसा सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं असतं. ४७६ हेही तसंच मिसळद्रव्य, ते एरंडेलापासून बनतं. दोन्ही चालतात. टाळायचं ते ९०४. हेच शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारा चकचकीत लेप. चॉकलेट चढवलेल्या बदामांवर किंवा मनुकांवर काचेसारखी चमक दिसली तर हा आकडा मुद्दाम शोधा. ९०१ही टाळा, ते मधमाश्यांचं मेण.

साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात, ही चर्चा मुख्यतः अमेरिकेतल्या शुद्धीकरण कारखान्यांची आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, त्यामुळे तिथल्या साखरेची काळजी नको.

३. ‘मे कंटेन मिल्क’चं काय करायचं?

याचा अर्थ दूध मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याच यंत्रांवर दुधाचं चॉकलेटही बनतं. चॉकलेटची यंत्रं पाण्याने धुता येत नाहीत, कारण थोडं पाणी राहिलं तरी पुढचा माल गुठळतो. म्हणून आधीच्या मालाचा अंश मागे उरतो. हा अंश किती चॉकलेटांत सापडतो? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९४ डार्क चॉकलेटं तपासली आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. सहांच्या घटकांत दूध लिहिलेलं होतं. उरलेल्या ८८ पैकी ५१ मध्येही दूध सापडलं.

माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही जनावरांसाठी दूध सोडलं असेल, तर या ओळीमुळे चॉकलेट सोडायची गरज नाही. ते विकत घेतल्याने दुधाची मागणी वाढत नाही. पण घरात कुणाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते अजिबात देऊ नका. त्यांच्यासाठी ज्या कारखान्यात दूध येतच नाही, तिथलंच चॉकलेट शोधा.

४. सुटं घेताना विचारा

दिवाळीत घरगुती चॉकलेटं विकणाऱ्या ताई बहुधा कंपाउंडच्या लादीतून ती बनवतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्याला हरकत नाही. पण ‘डार्क कंपाउंड’मध्येही दुधाची पावडर असू शकते. “ताई, लादीचं पाकीट दाखवता का?” एवढं विचारलं तरी पुरतं. लोणावळ्याचं चॉकलेट फज दुधाचंच असतं. बेकरीतल्या केकचंही विचारल्याशिवाय काही सांगता येत नाही.

५. कोको कुठून आला, तेही बघा

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या शेतांवर लहान मुलं राबतात, हे जगजाहीर आहे. ते थांबवायचा करार मोठ्या कंपन्यांनी २००१ मध्ये केला, तरी प्रश्न सुटलेला नाही. दूध नसलं की चॉकलेट निर्दोष ठरतं, असं मी मानत नाही. गाईचा विचार करणाऱ्याने त्या मुलांचाही करायला हवा. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो. बियांपासून वडीपर्यंत सगळं स्वतः करणारे छोटे उत्पादक आता दक्षिणेत बरेच आहेत. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलचे मेसन अँड कंपनी त्यांपैकीच, आणि त्यांचं चॉकलेट व्हीगन असतं. ते महाग पडतं. म्हणून कमी घ्यावं, पण असं घ्यावं.

६. घरी करून बघा

साधी, बिनसाखरेची कोको पावडर व्हीगनच असते. पेयासाठी मिळणाऱ्या गोड पावडरींत मात्र दूध आहे का ते तपासा.

पाहुण्यांसाठी चॉकलेटचे मऊ गोळे करायचे तर ६० ते ७० टक्क्यांचं १५० ग्रॅम व्हीगन चॉकलेट अगदी बारीक चिरून घ्या. नारळाचं पहिलं, घट्ट दूध १०० मिली घेऊन मंद आचेवर तापवा. कडेला बुडबुडे दिसू लागले की लगेच उतरवा, उकळलं तर फाटतं. ते चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग चिमूटभर मीठ घालून मधोमध छोट्या वर्तुळात ढवळायला सुरुवात करा. आधी मिश्रण बिघडल्यासारखं दिसेल, पण ढवळत राहिलात की मधून चकाकी येते आणि ती बाहेर पसरते. तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवा, चमच्याने काढून हातावर झटपट वळा आणि कोको पावडरीत घोळवा. नारळाचं दूध ताजं असल्याने गोळे फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.