जुन्या ट्रॅक्टरला स्लॅशर घेताय? आधी क्लच बघा

पाऊस ओसरला की बागेत गवत गुडघ्याच्या वर जातं आणि मग सगळ्यांनाच स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायचं फिरत्या पात्यांचं गवत कापायचं अवजार, आठवतो. गाजर गवत फुलावर यायच्या आत कापायला पाहिजे हे खरं, पण घाईघाईत दुकान गाठायच्या आधी आपल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे (चाकं आणि मागचं अवजार दोन्हीला एकच) का डबल (दोन्हीला वेगळा), ते बघा.

आमचा वडिलांच्या वेळचा ३५ एचपीचा, सिंगल क्लचवाला. पहिल्याच दिवशी मोसंबीच्या ओळीच्या शेवटाला वळताना क्लच दाबला तरी गडी पुढंच चालला, कारण खाली फिरणाऱ्या जड पात्यांचा जोर पीटीओ शाफ्टमधून (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि तोच चाकं ढकलतो. ड्रिपची नळी तुटली, एक झाड आडवं झालं, आणि मी बांधाच्या अलीकडं कसाबसा थांबलो. यावर इलाज म्हणजे ओव्हररनिंग क्लच, पीटीओवर बसतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच काम, पायडल थांबलं तरी चाक आपलं फिरत राहतं. फक्त तो बसवला की शाफ्टची लांबी वाढते, म्हणून लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) वरखाली करून शाफ्ट कुठं आत टेकत नाही ना बघायचं, टेकला तर कापून घ्यायचा.

साइजचा साधा हिशोब: रोटरी स्लॅशरला फुटामागं साधारण ५ एचपी, तीही पीटीओवरची. ३५ एचपीच्या इंजिनाला पीटीओवर ३० च्या आसपास मिळते, जुन्याला त्याहून कमीच, त्यामुळं ५ फुटीच्या वर जाऊ नका, दुकानदार ६ फुटी गळ्यात मारायला बघतोच. पण मागच्या दोन्ही टायरची बाहेरून बाहेर रुंदी मोजा, स्लॅशर तेवढा तरी रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं.

लसूणघासासारखा चारा कापायचा असेल तर कटर बार, म्हणजे कात्रीसारख्या दातांची लांब पट्टी, ताकद कमी लागते, पण दगडाळ रानात दात मोडतात. मल्चर बारीक चुरा करतो, पण वजन आणि ताकद दोन्ही जास्त, आपल्या जुन्या लिफ्टला झेपेल का ते आधी बघा. लिफ्ट हळूहळू खाली बसत असेल तर उंची धरायला साखळ्या लावा.

शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकू नका. उपरणं, पदर, सैल पायजमा, ५४० आरपीएमवर काहीही गुंडाळायला क्षणही लागत नाही.